नानांच्या सभेत चौघं

सावेडी, अहिल्यानगर
३ नोव्हेंबर २०२५

चि. सुमंत,

आशीर्वाद आधीच देऊन टाकते. पत्राच्या शेवटी द्यावासा वाटेल याची खात्री नाही.

टेलिफोन खात्यात उभी हयात नोकरी केली, अख्ख्या नगरची माणसं जगाशी जोडून दिली, आणि सख्ख्या भावाशी बोलायला मला आज पोस्टात जाऊन पाकीट आणावं लागलं. माझा नंबर तू ब्लॉक करून ठेवला आहेस. ठेव. पाकीट ब्लॉक करता येत नाही. तू ते उघडशील, शेवटपर्यंत वाचशील आणि वर वाचलंच नाही म्हणून सांगशील. पाळण्यापासून ओळखते तुला.

तुझी अट आबासाहेबांनी मला वाचून दाखवली. नानांच्या ट्रस्टवर माणसं तीन: तू, मी आणि आबासाहेब. त्यातल्या एकाला तू कळवतोस आणि दुसरीला त्याच्याकडून कळतं. असो. अट अशी की नानांच्या पंचविसाव्या स्मृतिसभेत, चौदा डिसेंबरला, मनवाने सॅक्सोफोन वाजवायला तुझी हरकत नाही. पण एकटीने, बैठकीवर बसून, साथीला तबला घेऊन. तिच्याबरोबरचे तिघे नकोत. ड्रम नकोत. आणि 'तो बँडवाला' स्टेजच्या आसपासही दिसायला नको.

उपकार झाले. पोटच्या मुलीला आजोबांच्या सभेत वाजवायला बापाची हरकत नाही!

मनवाने उत्तर दिलं ते एका वाक्यात. "आत्या, वाजवू तर चौघं वाजवू." आणि पोहे खायला लागली. तिला राग आला की ती खाते, तुझ्यासारखीच.

सहा वर्षांपूर्वी तिने बासरी खाली ठेवून सॅक्सोफोन हातात घेतला, त्या दिवसापासून तू तिच्याशी बोललेला नाहीस. मधल्या काळात तिने स्वतःचा जॅझ क्वार्टेट उभा केला. क्वार्टेट म्हणजे चौघांचा संच. ती सॅक्सोफोन, अर्णव कीबोर्ड, शौनक बास (म्हणजे व्हायोलिनची माणसाहून उंच आजी, उभ्याने वाजवायची) आणि कल्याण ड्रम. मुंबई-गोव्यात वाजवतात, दोनदा युरोपात जाऊन आले. स्वतःच्या चाली मनवाच बांधते. एवढं सगळं झालं, पण ज्या गावात ती वाढली त्या गावाने तिला एकदाही ऐकलेलं नाही. तिला ही सभा हवी आहे. नानांच्या फोटोसमोर, नगरच्या माणसांपुढे, आपल्या तिघांना बरोबर घेऊन. तुझं नाव ती काढत नाही. त्याचा अर्थ तुझा तू लाव.

आता माझं ऐक. तू लिहितोस की परकं वाद्य नानांना चाललं नसतं. नानांनी जन्मभर काय वाजवलं? पेटी. ती काय गोदावरीच्या काठी उगवली होती? एके काळी तिलाही परकी म्हणून हाकलत होते लोक, आणि त्याचा राग नानांनीच आपल्याला जेवताना ऐकवलेला आहे. मी कॉन्व्हेंटात शिकले म्हणून तू मला अजून 'मडम' म्हणतोस. पण घरात काय बोललं जायचं ते मला तुझ्यापेक्षा जास्त आठवतं, कारण तू तेव्हा ताटातलं गोड संपवून क्रिकेटला पळालेला असायचास.

आणि 'साथीदार नकोत' हे तू लिहिलंस कोणत्या हाताने? ज्यांच्या नावाने ही सभा आहे तो माणूस कोण होता? जन्मभर साथीदार. नगरला कुणी मोठा गवई आला की पेटीवर नाना. पत्रिकेत गवयाचं नाव ठसठशीत, नानांचं खाली, मुंगीएवढं. वाजवता वाजवता त्यांचा हात जरा रंगला की गवई तळहात खाली करून दाखवायचा: हळू. मी पहिल्या रांगेतून तो तळहात किती वेळा पाहिला आहे. नानांच्याच सभेतून साथीदार वगळायचे ही कल्पना माझ्या भावाला सुचली, याची मला लाज वाटते.

सभा होईल ती चौघांची होईल. मी विश्वस्त आहे. शोभेची बाहुली नाही.

तुला आवडो न आवडो, तुझी
ताई


सावेडी
२० नोव्हेंबर २०२५

सुमंत,

तुझं उत्तर मिळालं. संगणकावर टाइप केलेलं, मुद्द्यांना आकडे घातलेले आणि खाली सही. आधी वाटलं, नळपट्टीची नोटीस आली.

'चांडाळचौकडी' हा शब्द मी मुलांना वाचून दाखवला. अर्णवला इतका आवडला की तो आता फोन उचलला की 'चौकडीतला तिसरा बोलतोय' म्हणतो. 'वरातीतला पोरगा' हेही कल्याणला वाचून दाखवलं. मी कुणाच्या पाठीमागे काही ठेवत नाही. कल्याण सोनईचा. त्याच्या वडिलांची बँड कंपनी आहे आणि तो दहा वर्षांचा असल्यापासून वरातीत वाजवतो. दिवसा नागापूरच्या एमआयडीसीत प्रेस मशीनवर असतो. ऐकून घेतलं त्याने शांतपणे. मग म्हणाला,

"आत्या, भाऊसाहेबांना माझा नमस्कार सांगा. आन् म्हनावं, वरातीत वाजवायला लई दम लागतो. तिथं मानसं नाचली न्हाईत तर जागचं हलू देत न्हाईत. तुमच्या सभेत काय, झोप लागली तरी उठल्यावर टाळ्या वाजवत्यात."

मी हसले. तू हसणार नाहीस, म्हणून मुद्दाम लिहिलं.

हे चौघं सध्या माझ्याच हॉलमध्ये तालीम करतात. सोफा बाल्कनीत गेला आहे. शेजारचे कुलकर्णी पहिल्या दिवशी तक्रार घेऊन आले होते. मी त्यांना आत बोलावून बसवलं आणि त्यांच्या नातवाच्या बारशाचा डीजे किती वाजेपर्यंत चालला होता एवढंच विचारलं. चहा न घेताच गेले.

आता ट्रस्टच्या बैठकीचं सांगते. तू पुण्याहून येणार नव्हतास, तुझं मत तू कागदावर पाठवलं होतंस. माझं मत सगळ्या सावेडीला माहीत आहे. राहिले आबासाहेब. तो माणूस तुला ठाऊक आहे. तीस वर्षं मुख्याध्यापक होता, पालकांनाही दुखवायचं नाही आणि शिक्षकांनाही, ही सवय अंगात मुरलेली. मी म्हटलं, मत देण्याआधी एकदा ऐकून तर जा. आले. खुर्चीवर बसले. मुलं नुकतीच वाद्यं जुळवत होती. शौनक तारा पिळतोय, मनवा वेगवेगळे सूर फुंकून बघतेय, कल्याण मधूनच एक टोला देतोय. चहा येईपर्यंत हे चाललं. आबासाहेबांनी बशी खाली ठेवली, टाळ्या वाजवल्या आणि म्हणाले, "छान झालं. जरा वेगळं आहे, पण छान." आणि पायात चपला घालून निघाले. वाजवायला सुरुवातही झालेली नव्हती!

तर हे असे रसिक. मत मात्र त्यांनी माझ्या बाजूने दिलं, आणि त्याचं श्रेय तुझं आहे. बैठकीत मी तुझं पत्र मोठ्याने वाचलं. 'बँडवाल्यांना स्टेजवर बसवण्याइतकी आपली सभा खाली आलेली नाही' या वाक्यापाशी आबासाहेबांनी चष्मा काढला. एरवी ते पुस्तकासारखं बोलतात, पण रागावले की गाव बाहेर येतं.

"सरोजिनीताई, ह्यो बँड आमच्या दारात वाजल्याबिगर आमचा नवरदेव घोड्यावर बसत न्हाई. माझ्या लेकीच्या लग्नात ह्याच कल्याणच्या बापानं वाजवलंय. खाली आलेली म्हंजी काय? कोन खाली, कोन वर?"

दोन विरुद्ध एक. चौघं वाजवणार. तुझा 'बँडवाला' हा शब्द तुलाच महागात पडला. पुढच्या वेळी लिहिण्याआधी वाचून बघत जा.

एक गोष्ट मी मनवाकडून मान्य करून घेतली आहे: स्टेजवर कुणी बूट घालणार नाही. ती लगेच हो म्हणाली. म्हणाली, "आजोबांसमोर मी एरवीही घातले नसते."

ताई


सावेडी
५ डिसेंबर २०२५

प्रिय सुमंत,

हो, प्रिय. आज लिहावंसं वाटलं.

काल कुरिअरने शाल आली. आबासाहेबांना तुझा फोनही आला म्हणे: 'आता ठरलंच आहे तर होऊ द्या. मनवाचा सत्कार माझ्यातर्फे करा. शाल पाठवली आहे, नारळ तेवढा तिथे घ्या.' आबासाहेब सांगायला स्वतः घरी आले होते. चेहऱ्यावरचं ओझं उतरलं होतं बिचाऱ्यांच्या.

शाल चांगली आहे. काठ बारीक आहे, रंग उगाच भडक नाही. मी दोनदा उघडून पाहिली. कुरिअरमध्ये कुठे विरली तर नाही ना, एवढंच बघायला.

मनवाला सांगितलं. ती शौनकशी काहीतरी वाद घालत होती, थांबली. "बाबांनी स्वतः पाठवली?" म्हणाली. मी हो म्हटलं. मग ती बराच वेळ सॅक्सोफोन पुसत बसली. वाद्य स्वच्छच होतं.

तू येणार नाहीस हे कळलं. काम आहे म्हणतोस. मी त्यावर काही बोलत नाही. एक शाल पाठवायला तुला सहा वर्षं लागली, तर स्वतः यायला आणखी थोडा वेळ लागणार. मी अजून धडधाकट आहे, थांबेन.

ट्रस्टच्या बैठकीत तुझं पत्र मोठ्याने वाचायला नको होतं असं काल क्षणभर वाटून गेलं. क्षणभरच.

वहिनीला सांग, गूळपोळी पाठवणार आहे.

ताई


सावेडी
१५ डिसेंबर २०२५

सुमंत,

गूळपोळी विसर.

काल काय झालं ते तुला आबासाहेबांनी कळवलं असेल, पण त्यांच्या पद्धतीने, म्हणजे कुणालाही दुखावणार नाही असं. मी माझ्या पद्धतीने कळवते.

हॉल भरला होता. पुढे आपले नेहमीचे. रिटायर झालेले प्रोफेसर, डॉक्टरीणबाई, नानांचे दोन म्हातारे शिष्य. मागे सोनईहून टेम्पो करून आलेली माणसं, त्यांत कल्याणचे वडील आणि त्यांचा सगळा बँड, इस्त्रीच्या शर्टात. नानांच्या फोटोला हार घालून समई लावली. चौघं अनवाणी आले. मनवाने नानांना वाकून नमस्कार केला आणि वाद्य उचललं.

पहिलीच रचना तिची. नाव 'नागापूर, दुसरी पाळी'. कारखान्याचा भोंगा वाजतो तसा एक लांब सूर, त्याच्याखाली कल्याण मशीनसारखा ठोका धरतो आणि तो ठोका हळूहळू लंगडायला लागतो. पहिल्या रांगेतल्या लोकांनी सवयीने मांडीवर ताल धरला आणि समेपाशी सगळे तोंडावर पडले. प्रोफेसरांनी दोनदा प्रयत्न करून हात खिशात घातला. पण कुणी उठलं नाही. मनवा वाजवत होती आणि मी तिच्याकडे बघूही शकत नव्हते, इतकं ते उघडं होतं. ओरडत होती, सुमंत. सूर लावून ओरडत होती. कुणावर ते तुला मी सांगायला नको.

मग तिने सॅक्सोफोन स्टँडवर ठेवला, हात मागे बांधले आणि बाजूला जाऊन उभी राहिली.

कारण शौनकची पाळी होती. हे संगीत असं चालतं. चाल सगळ्यांची, पण प्रत्येकाला त्या चालीचं आपलं काहीतरी करायला वेळ मिळतो, आणि तेव्हा बाकीचे एक तर त्याला सांभाळतात, नाहीतर गप्प उभे राहून ऐकतात. तिचं नाव संचाला आहे म्हणून ती सारखी वाजवत नाही. अर्धा वेळ ती ऐकत असते. शौनकने वाकून अगदी हलक्या हाताने सुरुवात केली. हॉल कान देऊन बसला.

आणि आबासाहेब तबक घेऊन स्टेजवर चढले.

तबकात शाल, नारळ, गुलाबाचं फूल. सरळ माईकपाशी गेले आणि सुरू झाले. "मनवाताईंनी आज आपल्या सुमधुर वादनाने आपणा सर्वांना मंत्रमुग्ध केलं आहे. नानांचा वारसा..." पुढच्या रांगा टाळ्या वाजवायला लागल्या. सत्कार म्हटला की आपल्या लोकांचे हात आपोआप वाजतात. दोघं-तिघं चपला शोधायला लागले. अर्णव तोंड उघडं टाकून बघत होता. शौनकने तेवढं वाजवणं सोडलं नाही. मान खाली घालून, आबासाहेबांच्या भाषणाखाली, बारीक आवाजात वाजवत राहिला. नाना वाजवायचे तसा.

मी उठायला लागले होते. तोंडात काय होतं ते इथे लिहीत नाही, कॉन्व्हेंटातल्या सिस्टर बेनेडिक्टांनी साबणाने तोंड धुतलं असतं.

पण मनवा पुढे आली. आबासाहेबांना नमस्कार केला, त्यांच्या हाताला धरून अर्णवच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसवलं आणि माईकवर म्हणाली, "सर, मनापासून आभार. पण कार्यक्रम संपलेला नाही. हा शौनक वाजवतोय. त्याच्यानंतर अर्णव आहे, मग कल्याण. ते झाले की मी परत येते. तुम्ही इथेच बसा, इथून छान ऐकू येतं."

मागून कल्याण ओरडला, "सर, नारळ घट्ट धरा बरं का! माझी पाळी आली की तबक उडायचं!"

सोनईची माणसं जी हसली! त्या हसण्याने हॉल परत जागेवर आला. चपला शोधणारे बसले. शौनकने वाजवलं, अर्णवने वाजवलं, आणि कल्याणची पाळी आली तेव्हा मागच्या रांगांनी ओळखलं की या लंगड्या ठोक्याच्या आत त्यांच्या वरातीचा ठोका कुठेतरी दडलेला आहे, येतो आणि निसटतो, येतो आणि निसटतो. कल्याणचे वडील उभे राहिले. आबासाहेब मांडीवर तबक घेऊन मान डोलवत होते. आणि मनवा हात मागे बांधून, एक सूर न वाजवता, कल्याणकडे बघत उभी होती.

मी फोटोकडे पाहिलं. कुणी तळहात खाली करून दाखवत नव्हतं.

मग तिने वाद्य उचललं, चौघं मिळून पहिल्या चालीवर आले आणि ती रचना संपली. त्यानंतर आणखी चार वाजवल्या. सगळा वेळ आबासाहेब स्टेजवरच, उतरायची चोरी. शेवटी सत्कार झाला तेव्हा शाल एकच होती. मनवाने ती शौनकच्या बासच्या खांद्यावर घातली, नारळ कल्याणला दिला, फूल अर्णवला. नानांचे म्हातारे शिष्य डोळे पुसत होते. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "मला कळलं काहीच नाही, पण पुढच्या वर्षी परत बोलवा."

आता ऐक. चहाच्या वेळी मी आबासाहेबांना कोपऱ्यात गाठलं. असं मधेच चढायचं सुचलं कसं, विचारलं. त्यांनी आधी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग म्हणाले, "ताई, सुमंतरावांचा निरोप होता. म्हणाले, तिने वाद्य तोंडातून काढून खाली ठेवलं रे ठेवलं की लगेच सत्कार उरकून घ्या, म्हणजे बाकीच्यांचं वाजवणं होणारच नाही. तुमचंही ऐकलं मी, चौघांना बसवलं. त्यांचंही ऐकलं."

म्हणजे शाल त्यासाठी होती. मत हरलास, मग सत्काराच्या आडून कार्यक्रम गुंडाळायला निघालास. नगरमध्ये कुणालाही असंच गप्प करतात. हात धरून नाही, हार घालून. आणि मी मूर्ख, ती शाल दोनदा उघडून पाहिली. हो, कुरिअरचं काहीतरी खोटंच लिहिलं होतं.

मनवा मागे उभी होती. तिने सगळं ऐकलं. मला वाटलं, कोसळेल. ती हसायला लागली. हसत हसत खुर्चीवर बसली. "आत्या," म्हणाली, "वाद्य खाली ठेवलं की संपलं असं वाटलं त्यांना? म्हणजे बाबांनी सहा वर्षांत माझं एकही, एकही पूर्ण ऐकलेलं नाही." आणि मग हसायची थांबली.

कल्याणने हातातला नारळ टेबलावर ठेवला आणि तिच्यासाठी चहा आणायला गेला. लिहून ठेव, सरोजिनी गप्प बसली.

सुमंत, तुझ्या कारस्थानाचा मला राग आहेच, तो मी तिळगुळापर्यंत पुरवून वापरेन. पण ती त्याने मोडली नाही. ती मोडली या दुसऱ्या गोष्टीने. तुला ती आवडत नाही हे तिला माहीत होतं, त्याची तिने सवय करून घेतली होती. तू ऐकून नावं ठेवतोस असं तिला वाटत होतं. ऐकून! मोबाईलवर तिची डझनभर वादनं फुकट पडलेली आहेत. त्यातलं एक, फक्त एक, शेवटपर्यंत ऐकलं असतंस, तर असला निरोप तू धाडलाच नसतास. दुसरा काहीतरी डाव शोधला असतास, आणि मी तुला निदान हुशार म्हटलं असतं.

ती आज सकाळी उठली, दोन वाट्या उपमा खाल्ला आणि तालमीला बसली. नवीन चाल बांधतेय. विचारलं नाही कशाची. पुढच्या वर्षी नानांच्या सभेत चौघंच वाजवतील, हे मी आणि आबासाहेबांनी आज लेखी करून घेतलं. त्यांनी कुरकुर न करता सही केली. ते आता सगळ्यांना सांगत सुटलेत की एवढ्या जवळून जॅझ ऐकलेला नगरमधला मी एकटाच.

दहा जानेवारीला शनिवारी हे चौघं पुण्यात वाजवणार आहेत, तुझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर. मी पास पाठवणार नाही. तिकीट काढ. शाल आणू नकोस, फूल आणू नकोस, आत जाऊन भेटू नकोस. मागच्या रांगेत बस आणि ऐक.

ती थांबली की उठू नकोस.

ताई